सभेत दोन गट पडले असतील तर: न्याय्य चर्चेची तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

नाशिकच्या इंदिरानगर, सिडको, कॉलेज रोड या भागांतील तीस-पस्तीस वर्षांच्या इमारतींमध्ये हल्ली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा सभेपुढे येतो: इमारत दुरुस्त करायची की पाडून नव्याने बांधायची? प्रश्न काँक्रीटचा आणि पैशांचा असतो, पण दोन सभांमध्ये तो ‘ए विंग’ आणि ‘बी विंग’चा, जुन्या सभासदांचा आणि नंतर आलेल्यांचा, किंवा ‘चेअरमनच्या माणसांचा’ आणि ‘बाकीच्यांचा’ होऊन बसतो. एकमेकांच्या घरच्या लग्नांत पंगती वाढलेली माणसे जिन्यात समोरासमोर आली तर खाली मान घालून निघून जातात. नाशिकमधील अशा काही सभांचे संचालन मी केले आहे. प्रत्येक ठिकाणी एक चूक समान होती. प्रत्येक गट आपल्या बाजूची जय्यत तयारी करून येतो आणि चर्चेची तयारी मात्र कोणीही केलेली नसते.

हे टप्पे गृहनिर्माण संस्थेच्या सभेला धरून लिहिले आहेत. गणेश मंडळ, पाणीवापर संस्था किंवा भाऊबंदकीतील वाटणीची बैठक यांनाही थोड्या फरकाने ते लागू पडतात. कायदेशीर प्रक्रिया वेगळी आहे आणि ती पाळावीच लागते. पुनर्विकासासाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 79अ खाली 4 जुलै 2019 रोजी निघालेला शासन आदेश आहे, आणि सभेच्या सूचनेचे नियम संस्थेच्या उपविधींत (बाय-लॉजमध्ये) आहेत. त्या चौकटीच्या आत माणसे एकमेकांशी कशी बोलतील, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आधी एक भेद समजून घ्या

न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या प्राचीन भारतीय ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. खरे काय ते ठरवण्यासाठी चालतो तो वाद. जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि त्यात शब्दच्छलही चालतो. स्वतःचे काहीच न मांडता केवळ समोरच्याचे खोडून काढायचे, ती वितंडा. गटाची निष्ठा तीव्र असली की माणूस वादासाठी सभेत येतो आणि पहिल्या दहा मिनिटांत नकळत जल्पात शिरतो, कारण त्या क्षणापासून मुद्दा हरणे म्हणजे आपली माणसे हरणे असा अर्थ त्याच्या मनात तयार होतो. पुढचे सर्व टप्पे हा अर्थ तयार होऊ न देण्यासाठी आहेत. निष्ठा मोडण्याचा प्रयत्न करू नका. तो यशस्वी होत नाही, आणि शेजाऱ्यांनी एकमेकांना धरून असावे यात वाईटही काही नाही.

टप्पा 1: प्रश्न एका वाक्यात लिहा आणि तो प्रश्नच ठेवा

विषयपत्रिकेवर ‘इमारतीच्या पुनर्विकासास मंजुरी देणे’ असे लिहिले गेले की सभा सुरू होण्यापूर्वीच एक गट सूचक आणि दुसरा विरोधक ठरतो. ‘इमारतीच्या सद्यःस्थितीत दुरुस्ती पुरेशी आहे का, आणि नसल्यास कोणते पर्याय विचारात घ्यावेत, यावर चर्चा करणे’ असे लिहिल्यास सर्वजण एकाच बाजूला, प्रश्नाच्या समोर, उभे राहतात. ठरावासाठी दुसरी, स्वतंत्र सभा ठेवा.

आदर्श उपविधींनुसार वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी पूर्ण 14 दिवसांची आणि विशेष सभेसाठी पूर्ण 5 दिवसांची सूचना द्यावी लागते. पाच दिवसांत वादग्रस्त विषयाची तयारी होत नाही, त्यात फक्त जमवाजमव होते. सूचना निघण्याच्या आधीचे निदान तीन आठवडे हातात ठेवा. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत शिफ्टला जाणारे सभासद असतील तर वेळ त्यांना विचारूनच ठरवा. ‘मुद्दाम आम्ही नसताना सभा घेतली’ ही तक्रार एकदा निर्माण झाली की पुढे कितीही सभा घेतल्या तरी ती पुसली जात नाही.

*तपासणी:* प्रश्नाचे वाक्य दोन्ही गटांतील एकेका सभासदाला स्वतंत्रपणे वाचून दाखवा. दोघांपैकी कोणालाही ‘हे त्यांच्या सोयीचे आहे’ असे वाटले तर वाक्य पुन्हा लिहा.

टप्पा 2: गट कशाभोवती जमला आहे ते घरोघरी जाऊन समजून घ्या

गट पडायला फार मोठे कारण लागत नाही. मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी 1970 च्या सुमारास ब्रिस्टलमधील शाळकरी मुलांना, दोनपैकी कोणत्या चित्रकाराची चित्रे आवडली अशा क्षुल्लक निमित्तावर गटांत विभागले. आपल्या गटात कोण कोण आहे हेही मुलांना ठाऊक नव्हते. तरीही गुण वाटताना ती आपल्या गटाला झुकते माप देत होती, आणि कित्येकदा आपल्या गटाला जास्तीत जास्त गुण मिळण्यापेक्षा दुसऱ्या गटाशी अंतर वाढण्याला पसंती देत होती. ज्या इमारतीत पार्किंगवरून, टाकीच्या पाण्यावरून आणि थकलेल्या मेंटेनन्सवरून वीस वर्षांचे खरे हिशेब साठले आहेत, तिथे गट किती घट्ट असतील याचा अंदाज यावरून यावा.

म्हणून सभेपूर्वी घरभेटी घ्या. प्रत्येक घरी दोनच प्रश्न विचारा: ‘तुम्हाला कशाची काळजी वाटते?’ आणि ‘कोणती गोष्ट समजली तर तुमचे मत बदलू शकेल?’ ‘तुम्ही कोणत्या बाजूचे?’ हा प्रश्न विचारू नका. घरात जे ऐकू येते ते सभेत कधीच ऐकू येत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना नव्या इमारतीत लिफ्ट हवी असते, पण भाड्याच्या घरात दोन-तीन वर्षे काढण्याच्या भीतीने त्या दुरुस्तीच्या बाजूने बोलत असतात. निवृत्त काकांचा विरोध इमारत पाडण्याला नसून, सर्व बोलणी एकाच कुटुंबाने परस्पर केली याला असतो. काळज्या कागदावर उतरवा, कोणाची कोणती ते लिहू नका.

या भेटींना दोघांनी मिळून जावे, आणि ते दोघे वेगवेगळ्या गटांतले असावेत. एका गटाच्या माणसाने एकट्याने घेतलेली भेट प्रचार ठरते.

*इशारा:* सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या काळात पोल घेऊ नका. तयारीच्या कामात मला दिसलेली ही सर्वांत महागडी चूक आहे. पोलमध्ये नाव दिसते, नाव दिसले की बाजू ठरते, आणि अजून काहीच न वाचलेल्या माणसाला पुढचे दोन महिने त्या एका बोटाच्या स्पर्शाचे समर्थन करत बसावे लागते.

टप्पा 3: पूर्वपक्ष लिहून घ्या

आपल्या शास्त्रचर्चेत समोरच्याचे म्हणणे आधी पूर्वपक्ष म्हणून मांडायचे आणि मग उत्तर द्यायचे, अशी रीत आहे. ती इथे अक्षरशः वापरता येते. दोन्ही गटांकडून दोन पानांपेक्षा मोठे नसलेले टिपण मागवा. त्यानंतर टिपणांची अदलाबदल करा आणि प्रत्येक गटाला समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत एका परिच्छेदात लिहायला सांगा. तो परिच्छेद मूळ गटाला दाखवा. ‘होय, आमचे म्हणणे हेच आहे’ असे त्यांनी म्हटल्यावरच तो सभेपुढे जाईल.

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो आणि बहुतेक ठिकाणी गाळला जातो. पण त्याचे काम मोठे आहे. ‘यांना फक्त फुकट जागा हवी आहे’ किंवा ‘यांना एक रुपया खर्च करायचा नाही’ अशी वाक्ये पहिल्या मसुद्यात हमखास येतात, आणि समोरचा गट ती नाकारतो. दुसऱ्या मसुद्यात ‘दर पावसाळ्यात गळती होते, वॉटरप्रूफिंगवर केलेला खर्च टिकत नाही असे त्यांचे म्हणणे आहे’ असे वाक्य येते. हा बदल सभेच्या आधी, कागदावर, दोन-चार माणसांत घडावा लागतो. भरल्या सभेत, आपल्या माणसांच्या देखत, तो घडत नाही.

*तपासणी:* परिच्छेदात हेतूंविषयी (‘यांना हवे आहे’, ‘यांचा डाव आहे’) काही उरले आहे का? उरले असल्यास कागद परत पाठवा.

टप्पा 4: निकष आधी, अहवाल नंतर

या लेखातील एकच टप्पा पाळणे शक्य असेल तर हा पाळा.

आदर्श उपविधींनुसार 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, पाच वर्षांतून एकदा आणि 30 वर्षांवरील इमारतीचे तीन वर्षांतून एकदा करून घ्यायचे असते. भांडणाऱ्या सभेची नेहमीची अपेक्षा अशी असते की ‘एकदा अहवाल येऊ द्या, मग सगळे शांत होईल’. प्रत्यक्षात अहवाल आल्यावर भांडण वाढते. 1979 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका प्रयोगात फाशीच्या शिक्षेच्या समर्थकांना आणि विरोधकांना दोन अभ्यास वाचायला दिले गेले, त्यांतला एक समर्थनाचा होता आणि एक विरोधाचा. दोघांनीही आपल्या मताला धरून असलेला अभ्यास पक्का आणि दुसरा कच्चा ठरवला, आणि वाचून झाल्यावर आपली मते अधिक ठाम झाल्याचे सांगितले. तुमच्या सभेतही हेच घडते. अहवालातील ‘काही स्तंभांमधील लोखंड गंजले आहे’ हे वाक्य एक गट वाचतो, ‘दुरुस्तीने सुधारणा शक्य’ हे दुसरा गट वाचतो, आणि तिसऱ्या दिवशी अभियंता कोणाचा पाहुणा आहे याची चौकशी सुरू होते.

यावर उपाय क्रमाचा आहे. अभियंत्याची नेमणूक होण्यापूर्वी एक छोटी बैठक घ्या आणि पुढील गोष्टी लेखी ठरवा.

पहिली, अभियंता कोण आणि त्याची निवड कशी झाली. प्रत्येक गटाने तीन नावे द्यावीत आणि समोरच्याने त्यांतली नको ती खोडावीत. उरलेल्यांतून चिठ्ठी काढावी.

दुसरी, कोणत्या चाचण्या होतील. नुसत्या डोळ्यांनी केलेल्या पाहणीवर थांबायचे नाही. हातोडा चाचणी म्हणजे रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक, आणि गरजेप्रमाणे कोअर काढून केलेली चाचणी यांपैकी काय हवे, आणि नमुने कोणत्या विंगमधून, कोणत्या मजल्यांवरून घ्यायचे, हे आधी लिहा. सर्व नमुने एकाच विंगमधून घेतले गेल्याने अहवालच अमान्य झाल्याचे मी पाहिले आहे.

तिसरी, आणि खरी कसोटीची: काय निष्पन्न झाले तर काय करायचे. ‘अभियंत्याने दुरुस्तीनंतर इतक्या वर्षांहून कमी आयुष्य सांगितले तर दुरुस्तीचा पर्याय सोडायचा’, ‘दुरुस्तीचा खर्च प्रत्येक सदनिकेमागे इतक्या रकमेपेक्षा कमी असेल तर आधी दुरुस्तीचाच विचार करायचा’ अशी वाक्ये हवीत. आकडा कोणाला सोयीचा पडेल हे अजून कोणालाच ठाऊक नसते, म्हणून त्या वेळी माणसे रास्त आकडा सांगतात. अहवालाचा लिफाफा फुटल्यावर रास्त आकडा मिळत नाही.

*इशारा:* निकषांच्या कागदावर दोन्ही गटांच्या सह्या झाल्याशिवाय अभियंत्याला पत्र देऊ नका. ‘आता वेळ नाही, सह्या नंतर घेऊ’ असे म्हणणारी व्यक्ती तुमच्याच गटातली असली तरी थांबा.

टप्पा 5: संचालक आणि बसण्याची व्यवस्था

उपविधींप्रमाणे अध्यक्ष अध्यक्षस्थानी असतीलच, परंतु चर्चेचे संचालन दोन्ही गटांना चालेल अशा व्यक्तीकडे सोपवावे, मग ती शेजारच्या सोसायटीची का असेना. संचालकाने विषयावर मत देऊ नये. खुर्च्या गोलाकार किंवा अर्धगोलात मांडा. मधून वाट सोडून दोन भाग केले की दोन गट आपोआप समोरासमोर येतात. शक्यतो वर्गखोली किंवा मंगल कार्यालयाचा लहान हॉल घ्या. पार्किंगमध्ये उभ्याने घेतलेल्या सभेत मोठ्या आवाजाचाच विजय होतो.

टप्पा 6: बोलण्याचा क्रम

सभा सुरू होताच ‘कोण बाजूने, कोण विरोधात, हात वर करा’ असे विचारणे ही माझी स्वतःची चूक आहे आणि तिचा परिणाम मी विसरलेलो नाही. एका सभेत मला वाटले की आधी अंदाज घ्यावा. एक वयस्कर गृहस्थ अजून ठरवत होते. त्यांच्या विंगमधील सर्वांचे हात वर गेले, सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिले, आणि त्यांचाही हात हळूहळू वर गेला. पुढच्या दीड तासात त्या बाजूने सर्वांत कडवट तेच बोलले. संकोचाने वर केलेला हात खाली घेता येत नाही, म्हणून माणूस त्यासाठी कारणे गोळा करतो. त्यांना त्या अवस्थेत मी ढकलले होते.

योग्य क्रम असा आहे. प्रथम घरभेटींतून जमलेल्या काळज्यांची निनावी यादी संचालकाने वाचावी. त्यानंतर टप्पा 3 मधील परिच्छेद वाचावेत, आणि ते उलट वाचावेत: दुरुस्तीवाल्यांचे म्हणणे पुनर्विकासाच्या बाजूच्या माणसाने, आणि पुनर्विकासवाल्यांचे म्हणणे दुरुस्तीच्या बाजूच्या माणसाने. मग निकष, मग अहवाल, आणि त्यानंतर सभासदांचे बोलणे.

बोलण्याची पाळी सहसा कमी बोलणाऱ्यांपासून सुरू करा. कालव्याच्या आवर्तनात ‘टेल टू हेड’ ही पद्धत आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्यांना परिचित आहे: शेवटच्या टोकाच्या शेतापासून पाणी सुरू करायचे, कारण वरच्यांचे भरून झाल्यावर टोकाला काही उरेलच असे नसते. सभेतील वेळेचेही तसेच आहे. भाडेकरू ठेवून पुण्या-मुंबईत राहणारे, एकटे राहणारे ज्येष्ठ, ज्यांच्या नावावर घर आहे पण ज्यांच्याऐवजी पतीच बोलतो अशा स्त्रिया, यांना आधी बोलू द्या. प्रत्येकाला तीन मिनिटे द्या, घड्याळ समोर ठेवा, आणि सगळ्यांची एकेक पाळी होईपर्यंत कोणालाही दुसरी पाळी देऊ नका.

टप्पा 7: छल ओळखा आणि तिथेच थांबवा

न्यायसूत्रांतील वाक्छलाचे, म्हणजे शब्दाचा मुद्दाम भलताच अर्थ काढण्याचे, जुने उदाहरण ‘नवकंबल’ या शब्दाचे आहे; ‘नव’ म्हणजे नवे आणि नऊही. बोलणारा म्हणतो, याचे कांबळे नवे आहे. समोरचा म्हणतो, नऊ कांबळी कुठे आहेत, याच्याकडे तर एकच आहे. सोसायटीच्या सभेतही हेच चालते. कोणी म्हणते, ‘बिल्डरशी बोलून पाहायला हरकत नाही’, आणि उत्तर येते, ‘म्हणजे तुमचे बोलणे झालेलेच आहे!’

संचालकाने पुढील चार प्रकार पाठ करून ठेवावेत.

‘तुमच्या कमिटीच्या काळात काय दिवे लावले?’ हा जुना हिशेब आहे. उत्तर: ‘हा विषय नोंदवून घेतो, त्यासाठी वेगळी वेळ देऊ. आजचा प्रश्न हा आहे’, आणि टप्पा 1 चे वाक्य मोठ्याने वाचावे.

‘तुम्हाला किती मिळाले?’ हा हेतूवरचा आरोप आहे. याला अजिबात सवलत देऊ नका. पुरावा असेल तर तो लेखी द्यावा, नसेल तर वाक्य मागे घ्यावे. ते मागे घेईपर्यंत सभा थांबवा. पहिला आरोप सौम्यपणे सोडून दिला की दहाव्या मिनिटाला दुसऱ्या बाजूचा आरोप येतो, आणि तो थांबवण्याचा नैतिक अधिकार तुमच्याकडे उरलेला नसतो.

‘तुम्ही लोक असेच असता.’ एका माणसाच्या बोलण्यावरून सगळ्या गटावर, आणि कधी थेट जातीवर किंवा गावावर घसरणारे हे वाक्य आहे. नाशिकमध्ये खानदेश, मराठवाडा आणि उत्तर भारतातून कामासाठी आलेली कुटुंबे एका जिन्यात राहतात, त्यामुळे याची झळ फार खोलवर पोहोचते. बोलणाऱ्याला एकच विचारा: ‘कोण, केव्हा, काय म्हणाले?’ त्याला तेवढेच सांगू द्या.

‘हा आपल्यातला असून त्यांची बाजू घेतो.’ हे वाक्य सर्वांत घातक आहे, कारण ते समोरच्या गटासाठी नसून आपल्याच गटातील शंकेखोराला गप्प करण्यासाठी असते. फितुरीचा शिक्का बसेल या भीतीने माणसे खरे बोलत नाहीत आणि गट बाहेरून एकसंध दिसतो. सॉलोमन ॲश यांच्या 1950 च्या दशकातील प्रयोगांत, बाकी सर्वजण उघड चुकीचे उत्तर देत असताना एकच साथीदार खरे उत्तर देणारा मिळाला, तरी माणसाचे बहुमतापुढे झुकणे कितीतरी कमी होत असे. म्हणून पहिल्या शंकेखोराला संरक्षण द्या. ‘यांचा मुद्दा नोंदवा’ असे सेक्रेटरींना सर्वांसमोर सांगा. त्याच्या मागे आणखी दोन-तीन हात येतात.

*इशारा:* ‘व्हिडिओ रेकॉर्डिंग आहे, कोण काय बोलले ते पाहू’ असे म्हणून वाद मिटत नाही. नोव्हेंबर 1951 मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन आणि डार्टमथ यांच्यात धसमुसळा फुटबॉल सामना झाला. त्याचे चित्रण दोन्ही विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना दाखवले असता, डार्टमथच्या खेळाडूंनी केलेले नियमभंग प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना डार्टमथच्या विद्यार्थ्यांपेक्षा दुपटीहून अधिक दिसले. नियमाप्रमाणे रेकॉर्डिंग आवश्यक असेल तिथे ते कराच, पण तंटा त्या त्या वेळी सोडवा. तो चित्रीकरणावर ढकलू नका.

टप्पा 8: मध्यंतर

तास-सव्वा तासाने चहा ठेवा, आवाज चढण्याची वाट पाहू नका. चहा देण्याचे काम दोन्ही गटांतील तरुणांना मिळून द्या.

टप्पा 9: मत नोंदवणे

चर्चेच्या सभेत मत घेऊ नका. निदान आठवडाभराने ठरावाची सभा घ्या. अंतिम ठरावासाठी नियमांनी ठरवलेली पद्धत पाळावी लागते. त्याआधीचा कल जाणून घ्यायचा असेल तर चिठ्ठीवर घ्या. चिठ्ठीत ‘होय’ आणि ‘नाही’ यांच्या जोडीला ‘या अटीवर होय’ अशी जागा ठेवा. माझ्या अनुभवात तोडगा बहुतेक वेळा याच तिसऱ्या रकान्यातून निघाला आहे: भाड्याची रक्कम आगाऊ जमा होईल तर, करारनामा आमच्या वकिलाने वाचल्यावर, तळमजल्यावरच्या दुकानांचा प्रश्न आधी सुटला तर. दोन गटांच्या अटी शेजारी शेजारी मांडल्यावर त्यांतल्या बऱ्याच एकसारख्या निघतात, हे पाहून सभासदांनाच आश्चर्य वाटते.

टप्पा 10: इतिवृत्त आणि पहिले पंधरा दिवस

इतिवृत्ताचा मसुदा तीन दिवसांत दोन्ही गटांच्या एकेका माणसाला दाखवा. विरोधी मत ज्याचे त्याच्या शब्दांत लिहा. ‘काही सभासदांनी विरोध केला’ एवढ्यावर भागवू नका, कारण त्या सभासदांना आपले कारण कागदावर दिसले नाही तर ते कारण ते सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रारअर्जात लिहितील.

ठरावानंतर जी देखरेख समिती नेमली जाईल तिच्यात मत हरलेल्या गटाचा माणूस घ्या आणि त्याच्याकडे शोभेचे पद न देता हिशेब तपासण्याचे किंवा ठेकेदाराची बिले पडताळण्याचे काम द्या. त्याची शंका घेण्याची सवय तिथे इमारतीच्या उपयोगी पडते. विजयी गटाने त्या दिवशी गच्चीवर पार्टी करू नये, ग्रुपवर अभिनंदनाचे संदेश टाकू नयेत, आणि पंधरा दिवसांच्या आत कोणीतरी दोघांनी पुन्हा एकदा त्याच घरांची दारे ठोठावून, टप्पा 2 मधील यादी हातात घेऊन, कोणती काळजी मिटली आणि कोणती उरली ते विचारून यावे.